मृताच्या माथी

अहमदाबादचे विमान पडले ते १२ जून २०२५ रोजी. महिन्याभराने चौकशीचा प्राथमिक अहवाल आला, आणि लगोलग बदलापूरहून सुटणाऱ्या आमच्या सकाळच्या लोकलमध्ये खटल्याचा अंतिम निकाल लागूनही गेला. अंबरनाथला आरोप, उल्हासनगरला पुरावा, कल्याणला शिक्षा!

"वैमानिकाचीच चूक हो," एक सद्गृहस्थ वर्तमानपत्राची घडी काखेत मारीत म्हणाले. "आजकालची यंत्रे चुकतात होय?"

या वाक्याशी माझे भांडण आहे, आणि ते जुने आहे.

१ जानेवारी १९७८ ची रात्र. एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे जंबो विमान सांताक्रूझहून दुबईस निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. विमान कोणत्या बाजूस किती कलले आहे हे दाखवणारे एक यंत्र वैमानिकापुढे असते. त्याला कृत्रिम क्षितिज म्हणा. दिवसा खरे क्षितिज दिसते. रात्री समुद्रावर आभाळ आणि पाणी एकाच काजळीचे. कानातल्या ज्या द्रवावर आपला तोल अवलंबून, तोही अशा वेळी खोटी साक्ष देतो. वळण संपून विमान सरळ झाले, तरी कप्तानाचे यंत्र ते उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिले. त्याने ते डावीकडे सावरले. म्हणजे सरळ विमान कलंडवले! शेजारच्या सहवैमानिकाने आपलेही यंत्र बिघडल्याचे सांगितले. मागच्या अभियंत्याने त्या यंत्रावर जाऊ नका असे बजावले, तोवर वेळ सरली होती.

निष्कर्ष काय, तर कप्तानाने चुकीच्या दिशेने सुकाणू फिरवले. १९८५ साली सिअ‍ॅटलच्या न्यायालयाने विमान आणि यंत्रे बनवणाऱ्यांना दोषमुक्त केले. मेलेल्या माणसाला वकील नसतो.

कप्तान निर्दोष होता असे मी म्हणत नाही. दुसरी दोन यंत्रे समोर होती, ती त्याने ताडून पाहायला हवी होती. पण तीन जाणती माणसे आणि तीन यंत्रे एका खोलीत असताना एकाच बिघडलेल्या यंत्राचे राज्य का चालले, हे कोण विचारणार? ज्यांनी विचारले त्यांच्यामुळेच १९८० च्या सुमारास अमेरिकेत वैमानिकांना नवे शिक्षण मिळू लागले: धाकट्याने वेळीच बोलावे, थोरल्याने ऐकावे. आमच्या घरांत तर हे अजून निघायचे आहे. "बाबा, रस्ता चुकलात" म्हणणाऱ्या पोराला काय उत्तर मिळते, ते प्रत्येकाने आपापल्या ओसरीवर आठवावे.

दुसरे उदाहरण आमच्या सह्याद्रीतलेच. ७ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून मुंबईस येणारे अलितालियाचे विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ जण दगावले. वेळेआधीच खाली उतरले, असे चौकशीत ठरले. हेही खरेच. पण नेहमीचे उंचीमापक हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगते. पुढे डोंगर उभा आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? पावसाळ्यात चंदेरीचा सुळका ढगात बुडाला की आम्हा बदलापूरकरांनाही तो दिसत नाही, आणि आम्ही तर त्याच्या पायथ्याशी राहतो. डोनाल्ड बेटमन नावाच्या कॅनेडियन अभियंत्याने 'चूक' या शब्दावर समाधान मानले नाही. खाली रेडिओलहरी सोडून जमीन जवळ येताच ओरडणारे यंत्र त्याने घडवले, आणि पुढे १९९० नंतरच्या दशकात त्यात पृथ्वीवरच्या डोंगरांचा नकाशाच भरला. त्याने किती घरांतले दिवे विझू दिले नाहीत, याची मोजदाद कोण करणार?

हे सारे मी त्या सद्गृहस्थांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"बरं, मग अहमदाबादला चूक कुणाची?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

"ठाऊक नाही!" ते शेजाऱ्याकडे पाहून हसले, आणि ठाणे येईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.