जखम सुकावी की भरावी?

‘जखम सुकली’ आणि ‘जखम भरून आली’ हे दोन्ही शब्दप्रयोग आपण एकाच अर्थाने वापरतो. जखमेला वारा लागू द्यावा, तिच्यावर कोरडी खपली धरावी, म्हणजे ती लवकर बरी होते, असा समज त्यामागे आहे. हा समज चुकीचा असून शाळांतील प्रथमोपचाराच्या शिक्षणातून तो दूर केला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्वचेला इजा होताच रक्तबिंबिका आणि फायब्रिनचे तंतू मिळून रक्त थांबवितात. मग पांढऱ्या पेशी जंतूंचा व मृत कणांचा फडशा पाडतात. त्याच सुमारास जखमेच्या कडांवरील आणि केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशी हळूहळू सरकत उघडा भाग झाकू लागतात. या प्रवासाला ओलसर पृष्ठभाग लागतो. जखम वाळली तर वरचा जिवंत थरही सुकून मरतो, आणि नव्या पेशींना खपलीखालून, अधिक खोलातून वाट काढावी लागते.

१९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमांपैकी काही पॉलिथिनच्या पातळ पडद्याने झाकल्या व काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरली. पुढच्याच वर्षी मानवी त्वचेवरही असाच अनुभव आला.

ओलाव्यात जंतू माजतील, अशी शंका कोणी घेईल. परंतु ओलसर म्हणजे चिंब नव्हे; शिवाय जखमेतून पाझरणाऱ्या द्रावातच शरीराच्या संरक्षक पेशी असतात. स्वच्छता मात्र अनिवार्य आहे. आच्छादन महागच असावे लागते, असेही नाही. मुंबईतील शल्यविशारदांनी भाजलेल्या जखमांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या साली आणि निर्जंतुक केलेली केळीची पाने यशस्वीपणे वापरली आहेत. अर्थात ती रुग्णालयात तयार केलेली आच्छादने होत. स्वयंपाकघरातील पान उचलून जखमेवर ठेवणे योग्य नव्हे.

किरकोळ खरचटले असता जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी, तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि ती स्वच्छ पट्टीने झाकावी. राख, माती वा शेण कदापि लावू नये. त्यातून धनुर्वाताचे जंतू शिरू शकतात. खोल वा मळलेली जखम आणि मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम वैद्यांनाच दाखवावी. कुत्रा चावल्यास जखम साबण व पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, ती न बांधता तत्काळ रुग्णालय गाठावे.

त्वचा स्वतःच स्वतःला सांधते. तिच्या कामात व्यत्यय न आणता तिला स्वच्छ, ओलसर आडोसा देणे, एवढेच आपले कर्तव्य होय.