सीईटी संपली, आता काय?

बारावीची, म्हणजे आपल्याकडच्या सेकंड पीयूची परीक्षा मार्चमध्ये उरकते. एप्रिलमध्ये सीईटी होते. शेवटचा पेपर देऊन आलं की चार दिवस नुसती झोप काढण्यात जातात आणि पाचव्या दिवशी शेजारच्या काकू गेटवरूनच विचारतात, "मग, सुट्टीत काय करालायस?" गेल्या वर्षी या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंदा त्याच घाईत असलेले बरेच जण हा अंक वाचतील, म्हणून माझी फजिती सांगून टाकते.

पहिला बेत हंपीचा. आम्ही चौघी मैत्रिणी. कुठल्या देवळापुढे कुणी कुठला ड्रेस घालायचा इथपर्यंत सगळं ठरलं होतं, तिकिटं तेवढी काढायची राहिली. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आम्ही जाग्या झालो सहा दिवस आधी. हाती लागली वेटिंग लिस्ट. तत्काळचा मार्ग होता म्हणा, पण आई म्हणाली, "आदल्या दिवशी अकरा वाजता कळणार जायचं की नाही? असल्या भरवशावर मी पाठवणार नाही." शिवाय मे महिन्यात हंपीचे दगड किती तापतात याचा विचार चौघींपैकी एकीनेही केला नव्हता. बेत बारगळला, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं.

खरी चूक दुसऱ्या बेतात झाली. मोबाईल उघडला की बाकीचे सगळे काहीतरी 'करतायत' असं दिसायचं. कुणी जर्मन शिकतंय, कुणी कोडिंग, कुणी गिटार. मी घाबरले आणि एका क्लासला नाव घातलं. एकवीस दिवसांत इंग्रजी संभाषण आणि व्यक्तिमत्त्व विकास, फी साडेचार हजार. आईनं भिशीचे पैसे काढून दिले. मराठी माध्यमातून दहावी करून पीयूला इंग्रजीत सायन्स घेतलेल्यांना ही भीती सांगायला नको. वर्गात शंका सुचते, पण वाक्य जुळवेपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असतात. अशी दोन वर्षं काढली होती, आता डिग्रीची तीन होती. त्या क्लासचा धंदा नेमका या भीतीवर चालतो. पहिल्या आठवड्यात आरशासमोर उभं राहून स्वतःची ओळख. दुसऱ्या आठवड्यात शिकवणारे बदलले आणि तीच ओळख पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या आठवड्यात मी जायचं सोडलं. पैसे परत मागायचं धाडस झालं नाही. बहुतेक ते इंग्रजीत मागावे लागतील असं वाटलं असावं!

सुट्टी उशिरा ठरवणं हा काही गुन्हा नाही. परीक्षांच्या तारखाच अशा असतात की आधी ठरवणार तरी कसं? पण उशीर झाला की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येतं. म्हणून माझं म्हणणं असं की शेवटच्या क्षणी ठरवायचंच असेल तर ज्याला आगाऊ बुकिंग आणि आगाऊ फी लागत नाही तेच ठरवावं. बेळगावात अशा गोष्टींचा काय दुष्काळ आहे? आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ मधली. अठरा वर्षं याच गावात राहून तिच्या छतातलं दगडी कमळ मी पहिल्यांदा पाहिलं ते गेल्या मे महिन्यात, तेसुद्धा क्लास बुडवून.

उरलेले दिवस खानापूर तालुक्यात मामाच्या गावी गेले. वळीव पडून गेला होता आणि धूळवाफ पेरणीची गडबड चालू होती. भात म्हणजे चिखलात वाकून रोपलावण, एवढंच मला ठाऊक. इथं मात्र पावसाळ्याच्या तोंडावर, कोरड्या मातीतच कुरीनं भात पेरत होते. मामी हसून म्हणाली, "कॉलेजात जातीस म्हणं, आणि भात कसं पेरतात ठाऊक न्हाई?" मग बियाणं किती खोल पडलं पाहिजे, पाऊस लांबला तर काय होतं, तण का माजतं, सगळं तिनंच सांगितलं. पुढे बॉटनीच्या तासाला भाताचा विषय निघाला तेव्हा मी पहिल्यांदा हात वर केला. इंग्रजी मोडकंच होतं, दोनदा अडखळले, 'कुरी'ला शब्द सापडेना म्हणून हातानं दाखवली. पण सांगण्यासारखं काहीतरी होतं, त्यामुळे मध्येच खाली बसावंसं वाटलं नाही.

अर्थात सुट्टी ठरवण्याची चैन सगळ्यांना नसते, हेही लिहायला हवं. माझ्याच वर्गातली एक जण मे महिनाभर साडीच्या दुकानात उभी होती. लग्नसराई, दुपारी जेवायलाही फुरसत नाही. मी हंपीचं रडगाणं गायला लागले तेव्हा ती म्हणाली, "तुमची सुट्टी तो आमचा सीझन." प्रवेशाची फी तिनं स्वतःच्या पगारातून भरली. गिऱ्हाइकाशी मराठी, कन्नड, हिंदी आणि वेळ पडली तर इंग्रजी बोलून बोलून तिचं जे व्यक्तिमत्त्व विकसित झालं, त्याची जाहिरात मात्र कुठं लागत नाही.

माझ्या मावसबहिणीची यंदा सीईटी झाली. काल तिचा फोन आला. कुठलासा ऑनलाइन कोर्स आहे, आज रात्री बारापर्यंत नाव घातलं तर निम्मी फी. घालू का? मी म्हटलं, आधी रविवारी हलशीला जाऊ. कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे तिथं, मी पण पाहिलेलं नाही. सकाळी खानापूरची बस धरायची. पाण्याच्या बाटल्या तू आण, दशम्या मी आणते. कोर्सचं सोमवारी बघू.