सह्याद्रीचा फोटो काढताना

सुट्टीत चार घरांनी वर्गणी काढून गाडी करायची आणि डोंगर पाहून यायचे, ही पद्धत आता आपल्या वस्त्यांतही रुळली आहे. आम्हांला त्याचा आनंद वाटतो. परंतु अशा सहलींचे फोटो पाहताना एक गोष्ट जाणवते. माणसे पुढे दाटीने उभी, आणि सह्याद्री मागे झाकलेला!

वाचकहो, फोटो घेण्याआधी डोंगर समजून घ्यावा. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढताना कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्हारसाचे ते थर आहेत. सह्याद्रीच्या कड्यांचे तोंड बहुतेक ठिकाणी पश्चिमेला, कोकणाकडे आहे. सकाळी खालून फोटो घेतला तर सूर्य कड्यामागे राहतो आणि कडा काळा येतो. दुपार कलल्यावर समोरून ऊन पडते, तेव्हा थर मोजता येतील इतका स्वच्छ फोटो मिळतो. मात्र फोटोसाठी कठडा ओलांडू नये, वळणावर गाडी थांबवू नये. पावसाळ्यात येथे दरडी कोसळतात. घरी सगळ्यांनी सुखरूप परतायचे आहे.

घाट चढून जुन्नरला गेलात की लेण्याद्री पाहावाच. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसांना सावकाश न्यावे. सातव्या लेण्यात आज गणपतीचे मंदिर आहे, पण मुळात तो भिक्खूंचा विहार. शेजारच्या सहाव्या लेण्यात स्तूप असलेले चैत्यगृह आहे. तेथील शिलालेखात दात्याचे नाव आहे सुलसदत्त, गाव कल्याण! म्हणजे आपण ज्या कल्याणहून गाडीने आलो, तेथील माणसाने सुमारे १८०० ते १९०० वर्षांपूर्वी या डोंगरात दान दिले. जुन्नर परिसरातील इतर शिलालेखांत बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडविणारे आणि धान्य विकणारे यांच्या श्रेणींची नावे आहेत. कष्टकऱ्यांची नावे कोरून ठेवणारा असा डोंगर आपल्या मुलांनी मन लावून पाहायला नको काय?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. एक फोटो कुटुंबाचा घ्या, एक कड्याचा घ्या आणि एक शिलालेखाचा घ्या. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू फिरवू नका, पाणी मारू नका, दगड झिजतो. बाजूने थोडा प्रकाश पडला की अक्षरे आपोआप दिसतात. घरी आल्यावर तिन्ही फोटोंच्या प्रती काढा. मागे ठिकाण, तारीख आणि बरोबरच्या सर्वांची नावे मुलांच्या हाताने लिहून घ्या. मोबाईल बिघडला की त्यातले फोटो जातात. नाव-तारखेसह पेटीत ठेवलेला फोटो नातवंडांपर्यंत पोहोचतो.