आमचा फुटबॉलचा संघ : उसनवारी की मशागत?

गेल्या पावसाळ्यात आमच्या विद्यालयाचा फुटबॉलचा संघ जिल्ह्याच्या स्पर्धेतून पहिल्याच सामन्यानंतर परत आला. प्रतिपक्षाने सहा गोल केले. आम्हांस एकही करता आला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही याहून फारसे निराळे घडले नव्हते. वार्षिक अंकात जयाचे वर्णन करण्यास लेखण्या पुष्कळ सरसावतात. पराजयाचे वर्णन मात्र 'आमच्या खेळाडूंनी शर्थ केली' एवढ्या एका वाक्यात आटोपते. यंदा ते वाक्य आम्ही मुद्दामच लिहिलेले नाही. हरणे लाजिरवाणे असते असे आमचे मत नाही. परंतु हरण्याचे कारण न शोधता पुढील वर्षाची वाट पाहत बसणे हे खचित लाजिरवाणे होय.

पराजयानंतर अनेक हितचिंतकांनी आम्हांस उपाय सुचविले. त्यांतील दोन वारंवार ऐकू आले. पहिला असा की, दुसऱ्या शाळांतील तीन-चार तयार मुले हेरून त्यांस आमच्या शाळेत दाखल करून घ्यावे, म्हणजे एका वर्षात चषक घरी येईल. दुसरा असा की, फुटबॉल हा आमच्या मातीतील खेळ नव्हे. तो सोडून द्यावा आणि तो पैसा व वेळ क्रिकेटकडे वळवावा. हे दोन्ही उपाय वरवर परस्परविरुद्ध दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे. खेळाडू हा कोठे तरी आयता मिळतो किंवा मिळत नाही, तो आपण तयार करावयाचा असतो असे नव्हे, ही ती समजूत. हीच समजूत आमच्या अपयशाचे कारण आहे, असे आम्हांस वाटते.

नगर जिल्ह्यातील वाचकांस यासंबंधी दूरचा दाखला देण्याचे प्रयोजन नाही. हिवरे बाजार हे गाव आमच्याच तालुक्यात आहे. हे गाव एके काळी दुष्काळाने पोळलेले व स्थलांतराने ओस पडत चाललेले होते. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास गावकऱ्यांनी डोंगरउतारावर समपातळीत चर खणले, झाडे लावली, बोअरचे पाणी शेतीस घेण्याचे बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा जमाखर्च मांडण्याची शिस्त लावून घेतली. टँकरने पाणी त्याच दिवशी मिळते. चरांत मुरलेले पाणी विहिरीत उतरण्यास काही पावसाळे जावे लागतात. परंतु टँकर गेला की हंडा पुन्हा रिकामा, आणि मुरलेले पाणी मात्र गावाचे होऊन राहते. उसने आणलेले खेळाडू हा आमचा टँकर होय. दहावी झाली की ते जातील, आणि त्यांच्यामागे एक चषक, एक छायाचित्र व एक रिकामे मैदान उरेल.

आता आमच्याच चुकीकडे वळू. आमची पद्धत आजवर अशी की, जून महिन्यात शाळा उघडली म्हणजे नववी-दहावीतील उंचेपुरे अकरा-पंधरा विद्यार्थी निवडावयाचे, स्पर्धेपूर्वी तीन आठवडे त्यांस पळवावयाचे, आणि स्पर्धा संपली की चेंडू कपाटात ठेवून कुलूप लावावयाचे. मध्यंतरी दोन वर्षे एक लहानखोर मुलगा दररोज सायंकाळी मैदानाच्या कडेस उभा राहत असे. बाहेर गेलेला चेंडू आणून देण्याचे काम त्याने आपणहून पत्करले होते. चेंडू परत देताना तो डाव्या पायाने इतका नेमका देई की, तो खेळाडूच्या पुढ्यात येऊन थांबे. आम्ही हे पाहत होतो. क्वचित कौतुकाने हसतही होतो. परंतु त्यास मैदानात ये असे आमच्यापैकी एकानेही म्हटले नाही, कारण त्याची उंची कमी होती. तिसऱ्या वर्षी तो येईनासा झाला. सहा गोलांपेक्षा ही गोष्ट आमच्या मनास अधिक लागलेली आहे.

उंची पाहून मुले निवडणे किती फसवे असते, हे थोडा विचार केल्यास कळून येईल. शालेय स्पर्धांत वयोगटाची गणना जन्मवर्षावरून होते. एकाच वर्षी, परंतु एक जानेवारीत व दुसरा डिसेंबरात जन्मलेले दोन मुलगे एका गटात येतात. तेरा-चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे उंचीत व बळात केवढा तरी फरक! अनेक देशांतील अभ्यासकांस असे आढळून आले आहे की, मुलांच्या संघांत वर्षाच्या आरंभी जन्मलेल्यांचा भरणा अधिक असतो. याचा अर्थ, निवड करणारे पुष्कळ वेळा गुणाची नव्हे, तर केवळ वाढीची निवड करीत असतात. वाढ पुढे सर्वांचीच होते; परंतु मैदानाबाहेर ठेवलेला मुलगा तोवर खेळ सोडून गेलेला असतो.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी म्हण आहे. आमच्या नगरात १९४७ साली डॉ. भास्करराव हिवाळे यांनी कॉलेज स्थापिले, आणि आज तर जिल्ह्यात अनेक कॉलेजे आहेत. कॉलेजच्या संघास सतरा-अठरा वर्षांचा तरुण मिळतो. तोवर त्याचा एकच पाय चालत असेल, मान वर करून खेळण्याची सवय त्यास नसेल, तर दोन-तीन वर्षांत कोणताही शिक्षक त्यास फारसे बदलू शकत नाही. कॉलेजचे संघ दुबळे आहेत अशी तक्रार आम्ही शाळावाल्यांनी करणे म्हणजे बी न पेरता पिकाबद्दल रागावणे होय. जिल्हा जिंकून विभागात गेले म्हणजे पुणे व सोलापूर येथील संघांशी गाठ पडते. तेथे टिकाव धरावयाचा असेल तर आरंभ पाचवीपासूनच झाला पाहिजे.

पडलेला संघ अशा रीतीने उभा राहतो काय? इतिहास म्हणतो, राहतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळामास्तर. १९४३ साली हैदराबाद शहर पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला. त्यांनी बाहेरून नामांकित खेळाडू गोळा करण्याऐवजी हाताशी असलेल्यांस घडविण्याचा मार्ग धरला. चेंडू पायाशी खेळवत न बसता आला तसा पुढे द्यावयाचा, असे सामने ते भरवीत. ज्या पायाने खेळता येत नाही त्याच पायाने खेळावयाचे, असेही सामने त्यांनी भरविले. परिणाम मुंबईच्या मैदानावर दिसला. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक त्याच पोलीस संघाने नेला. भारताचा राष्ट्रीय संघ १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक असा हरला, तेव्हाही शिक्षक रहीमच होते. त्यांस काढून टाकण्याचा मोह त्या वेळी आवरला गेला, हे देशाचे भाग्य. आमचे पुष्कळ खेळाडू तोवर अनवाणी खेळत. त्या पराभवानंतर बूट आवश्यक ठरले. चारच वर्षांनी, १९५६ साली, मेलबर्न येथे त्याच देशाचा संघ चौथा आला, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळाले, तेही रहीम यांच्याच शिकवणुकीखाली.

परदेशातील उदाहरण हवे असल्यास जर्मनीचे घ्यावे. २००० सालच्या युरोपीय स्पर्धेत त्या बलाढ्य राष्ट्राचा संघ तीन सामन्यांत एकच गोल करून आपल्या गटात शेवटचा आला. तेथे त्यांनी मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविले. देशभर शेकडो ठिकाणी लहान मुलांसाठी प्रशिक्षणकेंद्रे उघडली, आणि मोठ्या क्लबांस आपापल्या शिक्षणशाळा चालविणे भाग पाडले. २०१४ साली ब्राझीलमध्ये जर्मनीने विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यातील एकमेव गोल करणारा मारिओ गोत्झे हा त्या जुन्या पराभवाच्या वेळी अवघा आठ वर्षांचा होता. मशागतीस लागणारा काळ किती, याचे माप यावरून कळावे.

आणि फुटबॉल आमच्या मातीतला नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा कोल्हापूरला जाऊन यावे. तेथे ज्या तालमींत मल्ल घडले त्याच तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम यांचे सामने शाहू स्टेडियमवर पाहण्यास सारे गाव लोटते. गल्लीतील पोर थोरल्यांचा खेळ पाहत, त्यांचा चेंडू आणून देत वाढते, आणि एके दिवशी त्याच संघात उभे राहते. त्याच कोल्हापुरातील एका रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव लहानपणीच पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत दाखल झाला, आणि २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. चेंडू आणून देणाऱ्या मुलास तेथे मैदानात वाट आहे. आमच्याकडे ती नव्हती, एवढाच काय तो फरक.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. पाचवी ते सातवीच्या मुलांचा निराळा वर्ग असावा व त्यांस पाच नंबरचा नव्हे, तर चार नंबरचा चेंडू द्यावा. पाच नंबरच्या चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर, तर चार नंबरच्या चेंडूचा ६३.५ ते ६६ असतो. लहान पायास हा फरक मोठा आहे. अकरा विरुद्ध अकरा खेळविण्याऐवजी चार विरुद्ध चार खेळवावे. नव्वद मिनिटांच्या मोठ्या सामन्यातसुद्धा एकेका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन मिनिटे असतो. लहान मुलांचा मोठा सामना लावला तर निम्म्या मुलांस तो दिसतही नाही. आठवड्यातून एक दिवस केवळ दुबळ्या पायाने खेळावे. प्रत्येक मुलाची एक पान नोंद ठेवावी: जूनमध्ये त्यास काय येत नव्हते आणि मार्चमध्ये काय येऊ लागले. उंचीची नोंद त्यात नसली तरी चालेल. आणि आमचे मैदान मुरमाड आहे हे ध्यानात घेऊन पावसाळ्यापूर्वी खडे वेचणे हे काम सर्वांनी मिळून करावे. कारण ढोपर फुटण्याचे भय असेल तेथे मूल मोकळेपणी खेळत नाही.

या वर्गात मुलींसही जागा असावी. मिस सिंथिया फरार यांनी १८३९ पासून १८६२ पर्यंत याच नगरात मुलींच्या शिक्षणासाठी आपले आयुष्य वेचले. मुलीच्या हाती पुस्तक पाहून हसणारे लोक तेव्हा पुष्कळ होते. मुलीच्या पायाशी चेंडू पाहून आज हसणाऱ्यांनी आपण कोणाच्या रांगेत उभे आहो याचा विचार करावा. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २०२२ साली भारतातच भरला होता, आणि त्याचे काही सामने आपल्या राज्यात, नवी मुंबईस झाले.

पालकवर्गाची शंका आम्ही जाणतो. खेळाने अभ्यास बुडेल हे भय सर्वस्वी खोटे नाही. स्पर्धेपूर्वी तीन आठवडे मुलास दिवसभर मैदानावर ठेवले तर तो बुडतोच. परंतु आठवड्यातून तीन सायंकाळी एकेक तास, वर्षभर नियमाने, असा खेळ अभ्यासास मारक नाही. उलट नेमलेल्या वेळी यावयाचे, चुकलेले पुन्हा करावयाचे व आपल्याहून मागे असलेल्यास सोबत घ्यावयाचे, हीच सवय गणिताच्या तासालाही उपयोगी पडते. शालान्त परीक्षेतील खेळाच्या वाढीव गुणांवर डोळा ठेवून कोणी मुलास पाठवू नये. ते गुण मिळाल्यास आनंद आहे. परंतु त्यांसाठी आलेला मुलगा गुण मिळताच मैदान सोडतो, हा आमचा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र उघड सांगितली पाहिजे. या मार्गाने गेल्यास आणखी दोन-तीन वर्षे आम्ही हरू. कदाचित पुन्हा सहा गोल होतील. त्या वेळी अधीर होऊन टँकर बोलावण्याची इच्छा आम्हांस, मुख्याध्यापकांस व पालकांस, सर्वांसच होईल. तिला आवर घालणे हाच या कार्यातील खरा कठीण भाग आहे. खडे वेचणे त्यामानाने सोपे.

विद्यार्थिमित्रहो, आज पाचवीत असलेली मुले पाच वर्षांनी दहावीत असतील. आमच्या म्हणण्याचा खरेखोटेपणा त्या वर्षीच्या अंकात तपासून पाहावा, आणि आम्ही चुकलो असल्यास तसे निःसंकोच छापावे. तोवर आमची क्रीडाशिक्षकांस एवढीच विनंती आहे की, स्पर्धा संपल्यावर चेंडूच्या कपाटास कुलूप लावू नये. आणि सायंकाळी मैदानाच्या कडेस कोणी लहानखोर मुलगा उभा दिसल्यास त्यास आत बोलवावे.