डिझाइन की कोड? आधी ‘लांजा’तला ‘ल’ तर बघा!

हॉस्टेलवर वेबपेज करायला बसलं की पहिला वाद ठरलेला. एक म्हणतो, डिझाइन व्ह्यू लाव, माऊसने ओढ, झालं काम! दुसऱ्याच्या मते नोटपॅडमध्ये कोड न लिहिणारा इंजिनिअरच नव्हे. दोघंही जरा जास्तच बोलतात. पण बाजू घ्यायचीच तर मी कोडवाल्यांची घेईन.

ड्रीमविव्हर 4 मध्ये (2000) लेआउट नावाचा मोड आला होता. कोऱ्या पानावर हवे तिथे चौकोन काढायचे, मागे टेबल आपोआप तयार. स्टँडर्ड मोडमध्ये तेच टेबल रो-कॉलम मोजून घालावं लागायचं. साहजिकच नवशिके लेआउटवर खूश! पण कोड उघडला की टेबलात टेबल, त्यात पुन्हा टेबल, आणि जागा धरून ठेवायला एक पिक्सेलची न दिसणारी चित्रं. एक चौकोन सरकवला की बाकीचे इकडेतिकडे. शेवटी 2008 च्या सीएस4 मध्ये अडोबीने हा मोड काढून टाकला. बरं झालं!

वाद मात्र संपला नाही. वर्डप्रेसमध्ये 2018 च्या अखेरीस ब्लॉक एडिटर आला, त्यातही व्हिज्युअल आणि कोड हे दोन पर्याय आहेतच.

आता आपल्या लांज्याचंच घ्या. माचाळ, खोरनिनको, कोट यांची माहिती देणारं मराठी पान करायचंय. नुसत्या डोळ्याने जुळवलेलं पान लॅबच्या मॉनिटरवर झकास दिसेल. पण बघणारा बघणार मोबाइलवर! पिक्सेलमध्ये ठोकलेली रुंदी तिथे मावत नाही. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

आणि तो ‘ल’! मराठी ‘ल’चं वळण वेगळं, हिंदीचं वेगळं. काही देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही असतात. त्यातलं कुठलं दाखवायचं हे ब्राउझर ठरवतो ते एचटीएमएलच्या सुरुवातीच्या टॅगमध्ये ‘लँग’ला ‘एमआर’ दिलंय का, यावरून. अंध वाचकाचा स्क्रीन रीडरही तीच खूण बघून भाषा ओळखतो. डिझाइन व्ह्यूमध्ये कितीही ओढाओढ करा, ही खूण पानावर दिसत नाही.

तेव्हा सांगाडा कोडमध्येच उभा करावा. मजकूर भरायला, शुद्धलेखन बघायला डिझाइन व्ह्यू खुशाल वापरा, तिथे तो खरंच सोयीचा आहे. स्प्लिट व्ह्यू असेल तर उत्तमच, डावीकडे काय बदललं की उजवीकडे काय हललं ते लगेच कळतं.

सर-मॅडमना एक विनंती. प्रॅक्टिकल तपासताना स्क्रीनवरचं पान बघून सही करू नका, कोडही उघडा. फायनल इयरवाले बॅगा भरून निघून जातात, पान मागे राहतं. पुढच्या वर्षी एखाद्या ज्युनिअरला त्यातला नुसता फोन नंबर बदलायचा असेल, तर तो नंबर आहे कुठे हे त्याला सापडायला नको का?