माळ ओसाड नसतो

मैत्रिणींनो, आधी माझीच चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या बचत गटानं वडूजजवळच्या एका माळावर झाडं लावायचं ठरवलं. ‘ओसाड माळ हिरवा करूया’ ही घोषणा माझी. आम्ही खड्डे पाडायला लागलो, तशा मेंढरं राखणाऱ्या एक धनगर आजी जवळ आल्या. म्हणाल्या, “बायांनो, हितं झाडी केलीसा तर गवात कुठं उगवायचं? मेंढरानं काय खायाचं? आन् ससं, खोकडं जायाची कुठं?”

आम्ही हसलो. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

खटाव-माण म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस कमी, म्हणून निसर्गानं इथं घनदाट जंगल नाही, तर कुसळी, पवना, मारवेल अशा गवतांचा माळ दिला. त्या गवतातच ससा, घोरपड, कोल्हा, खोकड, लांडगा आणि तरस यांचा संसार. खोकड कोल्ह्याहून लहान, शेपटीचं टोक काळं. उंदीर-किडे खातं, बोरंसुद्धा खातं. म्हणजे आपल्या ज्वारीचा बिनपगारी राखणदारच की! तरस मेलेली जनावरं खाऊन रान साफ ठेवतं.

लांडग्याचं मात्र मी उगाच गुणगान करणार नाही. एक शेळी गेली की काय होतं, ते शेळीच्या पैशावर मुलीची फी भरणाऱ्या बाईलाच विचारा. पण रागाच्या भरात विष घालणं हा उपाय नव्हे. त्या विषानं तरस, घारी आणि गावची कुत्रीही मरतात. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानं लांडग्याला मारणं गुन्हा आहे. देशात आता लांडगे उरलेत ते अंदाजे 3 हजारांच्या आसपास. लांडग्यानं शेळी-मेंढी मारली तर सरकारकडून भरपाई मिळते. त्यासाठी 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही. हे आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे?

उरलेली रोपं आम्ही शेवटी शाळेच्या आवारात, बांधावर आणि ओढ्याकाठी लावली. झाडं हवीतच, पण जागा बघून.

आपल्या मुलांना पुस्तकातला सिंह-जिराफ ओळखता येतो, दारचं खोकड ओळखता येत नाही. एखाद्या संध्याकाळी त्यांना माळाच्या कडेनं फिरवून आणा. आणि ग्रामसभेत कुणी माळाला ‘पडीक’ म्हणालं, तर उठून सांगा, ती जागा रिकामी नाही. तिथं कुणीतरी राहतंय.