छोटा अँप आपला, मोठा सगळ्यांचा!

गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलमध्ये दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला, "सबमिशन कधी आहे?" आणि दुसरा, "गिटारसाठी अँप कोणता घेऊ?" पहिल्याचं उत्तर एच.ओ.डी. सर देतील. दुसऱ्यासाठी मात्र प्रत्येक रूममध्ये एक तज्ज्ञ बसलेला आहे. एक म्हणतो, "१०० वॅटच्या खाली बघूच नको." दुसरा म्हणतो, "ट्यूबचा अँप नसेल तर गिटार विकून टाक!" आणि तिकडे घरी वडील कांद्याला भाव कधी येतो याची वाट बघत असतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रूमवर आणि घरी वाजवायला प्रत्येकाने छोटा, साधा, ट्रान्झिस्टरवाला म्हणजेच सॉलिड-स्टेट अँप घ्यावा. स्टेजवरचा मोठा अँप मात्र कुणीही एकट्याने घेऊ नये. तो वर्गणी काढून सगळ्यांनी मिळून घ्यावा. दोन्ही कामं एकाच स्वस्त डब्याकडून करून घ्यायला गेलं की एकही काम धड होत नाही.

ट्रान्झिस्टर म्हणजे दुय्यम?

सॉलिड-स्टेट अँपची बदनामी जुनी आहे. १९६६ मध्ये फेंडर कंपनीने ट्रान्झिस्टरचे अँप बाजारात आणले. ते वारंवार बिघडायचे, आवाजही लोकांना रुचला नाही. तेव्हापासून "खरा आवाज ट्यूबचाच" हे वाक्य सुरू झालं ते आजही चालू आहे. त्यात तथ्य नाही असं नाही. ट्यूब ओव्हरलोड झाली की आवाज हळूहळू गोल होत फाटतो, ट्रान्झिस्टर मात्र एकदम कापला जातो. ऑसिलोस्कोपवर साइन वेव्हचं डोकं सपाट झालेलं आपण लॅबमध्ये बघतो ना, तेच हे क्लिपिंग.

पण मित्रांनो, त्यानंतर पुलाखालून बरंच पाणी गेलं. रोलँडने १९७५ मध्ये जेसी-१२० हा सॉलिड-स्टेट अँप काढला. त्याच्या स्वच्छ आवाजाला आजही तोड नाही. मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्डने आपल्या क्लीन आवाजासाठी तोच वापरला. ब्लूजचा बादशहा बी. बी. किंग वर्षानुवर्षं लॅब सिरीज एल-५ वर वाजवायचा, तोही ट्रान्झिस्टरचा. आणि आपल्या मेटलवाल्या मंडळींचा लाडका डाइमबॅग डॅरेल? त्याचा तो करवतीसारखा आवाज रँडलच्या सॉलिड-स्टेट अँपमधून आलेला आहे. आता बोला!

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्याकडची बेंजो पार्टी आठवा. तारांवर पिकअप, पुढे ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर, टेम्पोवर कर्णे आणि मागे नाचणारी वरात. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये याच वादकांवर 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला. ही माणसं धुळीत, उन्हात, जनरेटरच्या वरखाली होणाऱ्या व्होल्टेजवर तासन् तास वाजवतात. बिघडलं तर जवळचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा सोल्डरिंग गन घेऊन चालू करून देतो. गिग म्हणजे याहून वेगळं काय असतं? ट्यूब तापतात, झिजतात, प्रवासात हादरे खाऊन दगा देतात, आणि बदलायच्या म्हटलं तर महाग पडतात. एसटीने प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याला ते लाड परवडणारे नाहीत.

वॅटचं गणित

दुकानात सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "किती वॅट?" इंजिनिअरिंगच्या पोराने तरी हा प्रश्न असा नागडा विचारू नये. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे २० वॅट आणि ४० वॅट यांतला फरक कानाला थोडासाच कळतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॅट! १० वॅटवरून १०० वर गेलात तेव्हा कुठे दुप्पट.

याउलट स्पीकरकडे कुणाचं लक्षच नसतं. एका स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ९४ डेसिबल आणि दुसऱ्याची ९७ असेल, तर दुसरा २० वॅटवर तेवढाच वाजेल जेवढा पहिला ४० वर. मोठ्या कागदावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा बरा स्पीकर आणि जाड लाकडी खोकं जास्त काम करतं. ६ इंची स्पीकरमधून कितीही वॅट ढकला, खालचा सूर भरत नाही.

रूमवरचा अँप

हॉस्टेलमध्ये आपण एकटे राहत नाही. शेजारच्या रूममध्ये कुणाची एम-थ्रीची बॅकलॉगची तयारी चालू असते. शिवाय ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. रेक्टर सर ओरडतात ते उगाच नाही!

त्यामुळे इथे १० ते २० वॅट, ८ इंची स्पीकर, हेडफोनचं भोक आणि मोबाइल जोडायला ऑक्स-इन, एवढं असलं की पुरे. हेडफोन लावल्यावर स्पीकर आपोआप बंद होतो की नाही हे दुकानातच बघा. व्हॉल्यूमचं बटण अगदी कमी असतानाही आवाज नीट येतो का, की शून्यावरून एकदम कानात ओरडतो, हेही तपासा. घरच्या वापरात हीच गोष्ट रोज नडते. अँपमधले दहा इफेक्ट बघून भुलू नका. चांगला क्लीन आवाज असेल तर डिस्टॉर्शनचा पेडल पुढे कधीही घेता येतो. खराब क्लीनवर मात्र कुठलाच पेडल उपाय करत नाही.

खरेदीला पुण्याला जाणार असाल तर आपली स्वतःची गिटार सोबत न्या. दुकानातल्या भारी गिटारीवर कुठलाही अँप गोड वाजतो. आणि ज्यांना हौस आहे त्यांनी तपकीर गल्लीत चक्कर मारून टीडीए-२०३० आणि टीएल-०७२ आणावेत आणि स्वतःच अँप बनवून बघावा. फक्त मेन्सचं वायरिंग लॅब असिस्टंट सरांना दाखवल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

स्टेजवरचा अँप

गॅदरिंगला समोर हजार-दोन हजार पब्लिक असते. त्यांच्यापर्यंत गिटार पोचवणं हे अँपचं कामच नाही, ते साउंडवाल्याच्या सिस्टीमचं काम. अँपसमोर माईक लावायचा किंवा लाइन-आउटमधून वायर मिक्सरला द्यायची. स्टेजवर अँप लागतो तो ड्रमच्या आवाजात आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून. त्याला १२ इंची स्पीकरचा ४० ते ६० वॅटचा अँप भरपूर झाला. जेसी-१२० वजनाला २८ किलो आहे. तो दुसऱ्या मजल्यावरून कोण उतरवणार?

इथे कुणी म्हणेल, "अरे, बॉसचा कटाना घे ना, दोन्ही कामं होतात." बरोबर आहे. २०१६ मध्ये आलेल्या त्या अँपमध्ये ५० वॅटवरून अर्ध्या वॅटवर यायची सोय आहे. अँप उत्तमच आहे. पण मेसचं बिल भरताना ज्याची दमछाक होते त्याने एकट्याने तो का घ्यावा? वर्षातून स्टेजवर चढायची वेळ येते किती? गॅदरिंग, गणपती, फ्रेशर्स आणि एखादी बाहेरची स्पर्धा. बाकीचे दिवस तो पलंगाखाली धूळ खाणार.

सहकाराच्या जिल्ह्यात एकेकट्याने का?

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, बोलताना आपण अजून नगरच म्हणतो. पण नाव काहीही घ्या, हा जिल्हा सहकाराचा. एकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना काढणं शक्य नव्हतं. म्हणून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तिथे शेतकऱ्यांनी कारखाना उभा केला, आपल्याला एक अँप जमू नये?

माझी सूचना अशी. प्रत्येक वाजवणाऱ्याने आणि गाणाऱ्याने झेपेल तेवढी वर्गणी द्यावी, जिमखान्याने थोडी भर घालावी. अँप म्युझिक क्लबच्या कपाटात राहील. वही ठेवायची. कुणी नेला, कधी आणला, सही. बाहेर भाड्याने द्यायचा नाही. दरवर्षी सेकंड इयरच्या दोघांकडे जबाबदारी द्यायची, म्हणजे फायनलवाले गेले तरी अँप जाणार नाही. याचा सगळ्यात मोठा फायदा सांगू? ज्याच्या घरून अँपसाठी एक रुपयाही येऊ शकत नाही, तोही स्टेजवर नीट ऐकू येईल. आज कोण वाजवणार हे बऱ्याचदा बोटांवर नाही, तर खिशावर ठरतं. हे बदललं पाहिजे.

आणि शेवटचं, अर्थिंग

प्राध्यापक आणि वायरमन काकांनीही हे वाचावं अशी विनंती. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्सी इथे 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्टेजवरच शॉक लागून गेला. गिटारच्या तारा हातात आणि माईकला स्पर्श, दोन्हींच्या अर्थिंगमध्ये गडबड. गिटारच्या तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. म्हणूनच गुणगुण येते म्हणून थ्री-पिनची मोठी पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. अँप आणि माईकचा मिक्सर शक्यतो एकाच फेजवरून, एकाच अर्थच्या बोर्डावरून घ्या. मंडपातल्या बोर्डाचं अर्थिंग कार्यक्रमाआधी तपासून घ्या. ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून वाजवू नका. सामायिक अँपच्या वहीत पहिल्या पानावर हेच लिहिलेलं असावं.

तेव्हा मंडळी, रूमवरचा छोटा अँप ज्याचा त्याने बघावा. मोठ्यासाठी पुढच्या गॅदरिंगची वाट बघायला नको. क्लबच्या पुढच्या मीटिंगला वही आणि पेन घेऊन या. पहिली वर्गणी माझी!